नाहरगडच्या वाटेवर अडलेली जीप

जयपूरला जाणारा मराठी पर्यटक बहुधा दोन दिवसांत शहर उरकतो. हवामहलासमोर छायाचित्र, सिटी पॅलेसमधली चांदीची प्रचंड घागर, जंतरमंतर, जोहरी बाजारातली खरेदी आणि तिसऱ्या दिवशी आमेर, की झाली सहल. परतीच्या गाडीत लाखेच्या बांगड्या आणि जयपुरी रजई सांभाळत माणसे घरी येतात आणि 'जयपूर पाहिले' असे सांगतात. पण या शहराचे खरे रूप पाहायचे तर ते खालून नव्हे, वरून पाहावे. शहराच्या उत्तरेला अरवलीच्या उघड्याबोडक्या रांगा आहेत आणि त्यांच्या माथ्यावर जयगड व नाहरगड हे दोन किल्ले आहेत. तिथे जायला जीप घ्यावी, आणि जीप म्हटली की ती कधी ना कधी वाटेत अडायचीच!

डोंगरावरचे जयपूर

आमेर शहरापासून साधारण अकरा किलोमीटरवर आहे. राजा मानसिंह पहिला याने १५९२ मध्ये या महालांचे काम सुरू केले आणि पुढच्या राजांनी त्यात भर घातली. खाली मावठा तलाव, त्यातली केसर क्यारीची बाग, वर सूरजपोळ, शिलादेवीचे मंदिर, रंगीत गणेशपोळ आणि आरशांच्या तुकड्यांनी मढवलेला शीशमहल. हे सारे बहुतेकांनी चित्रात पाहिलेले असते. आमेरच्या गावातून किल्ल्याच्या मागच्या बाजूला चढणाऱ्या गल्ल्या मात्र चित्रात येत नाहीत. दोन्ही बाजूंना घरे, दारात बसलेल्या बायका, मधेच आडवी आलेली गाय आणि त्यातून पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत चढणाऱ्या जीपगाड्या. हत्तीवर बसायचे नसेल आणि पायी चढवत नसेल, तर हाच मार्ग.

आमेरच्या वरच्या अंगाला जयगड. सवाई जयसिंहाने १७२६ मध्ये तो बांधून घेतला. आमेरहून तिथे जायला झाकलेली भुयारी वाटही आहे. जयगडावर पाहायची ती 'जयवाण' तोफ. सुमारे पन्नास टन वजनाची ही तोफ १७२० मध्ये इथल्याच कारखान्यात ओतली गेली. ज्या भट्टीत धातू वितळवत, तिला डोंगरावरचा वारा खेचून घेण्याची सोय केलेली आहे. मुले तोफेच्या चाकाशी उभी राहून आपली उंची मोजतात, मोठी माणसे गोळा कुठवर गेला असेल याचा अंदाज करतात. लढाईत ही तोफ कधी डागावी लागली नाही.

तिसरा नाहरगड, १७३४ सालचा. सवाई माधोसिंह दुसरा याने तिथे माधवेंद्र भवन बांधले. एकाच नमुन्याची नऊ दालने, नऊ राण्यांसाठी, आणि राजाला कुणाच्याही दालनात जाता यावे म्हणून आतून जोडणारी गल्ली. नाहरगडच्या तटावरून संध्याकाळी जयपूर पाहावे. १७२७ मध्ये विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताच्या मदतीने जयसिंहाने आखलेले सरळ रस्ते आणि चौकोनी पेठा पटावरच्या घरांसारख्या दिसतात. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी फासलेला तो प्रसिद्ध गुलाबी रंग सूर्यास्ताच्या वेळी आणखी गडद होतो.

त्या गर्दीत एक उंच मनोरा डोकावतो. तो ईसरलाट. जयसिंहाचा मुलगा ईश्वरीसिंह याने १७४९ मध्ये आपल्या विजयाची खूण म्हणून तो उभारला. पुढच्याच वर्षी खंडणीसाठी मल्हारराव होळकरांच्या फौजा जयपूरवर चालून आल्या आणि ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. जानेवारी १७५१ मध्ये चिडलेल्या जयपूरकरांनी शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल केली. वरून इतके देखणे दिसणारे शहर आपल्या माणसांना एके काळी किती परके होते, हे तटावर उभे राहिल्यावर मराठी माणसाला आठवल्यावाचून राहत नाही.

जीपचे आणि या मुलखाचे नाते

राजस्थानच्या वाळूत, खडकाळ वाटांवर आणि पाणी आटलेल्या नद्यांच्या पात्रात जीप फार लवकर रुळली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी बनवलेली ही गाडी युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांच्या, कंत्राटदारांच्या आणि पुढाऱ्यांच्या हाती आली. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि 'जीप' हा शब्द मराठीत कायमचा राहिला. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी जीपने गावोगाव हिंडल्या आणि २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मते मिळवून निवडून आल्या. त्या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली.

जीपनंतर मारुती जिप्सी आली. १९८५ च्या डिसेंबरात बाजारात उतरलेली ही हलकी, चारही चाकांवर चालणारी पेट्रोल गाडी जंगलात फिरणाऱ्यांची लाडकी झाली. २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. पण रणथंभोरला आणि जयपूर शहराच्या अगदी कुशीत असलेल्या झालाना जंगलात बिबट्या पाहायला जाणारा पर्यटक आजही जिप्सीत बसून गेलेला दिसतो. सुमारे वीस चौरस किलोमीटरचे झालाना हे जंगल शहराच्या इमारतींना खेटून आहे.

या गाड्या हाकणारी माणसे पाहण्यासारखी असतात. त्यातले पुष्कळ जण शाळेत फारसे गेलेले नसतात, पण इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगतात. आग्रा रस्त्यावरच्या ट्रान्सपोर्ट नगरात पोरवयात पाने धुण्यापासून त्यांचे शिक्षण सुरू झालेले असते.

सूर्य कलला आणि गाडी थांबली

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमेर पाहून झाल्यावर नाशिकच्या एका कुटुंबासोबत आम्ही एक जुनी पेट्रोल जीप ठरवली. निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. आमेर रस्त्यावरच्या कनक घाटीपासून डोंगरात वळणारा रस्ता आठ-नऊ किलोमीटर आंधळ्या वळणांनी नाहरगडापर्यंत जातो. अर्ध्या वाटेवर खाली मानसागर तलाव आणि त्यातला जलमहल दिसू लागला. छायाचित्र काढायला पाच-सात मिनिटे थांबलो. पुन्हा बसलो, चालकाने किल्ली फिरवली. 'घुर्र घुर्र घुर्र' असा खणखणीत आवाज झाला, पण इंजिन काही पकडेना.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"बॅटरी गेली," मुलगा म्हणाला.

"उतरा सगळे, धक्का मारू," मुख्याध्यापकांनी जाहीर केले.

चालक पन्नाशीचा होता. डोक्याला गमछा, दाढी दोन दिवसांची. तो हसला. "बाऊजी, बॅटरी गई होती तो इंजन घूमता कैसे? और चढाई पे धक्का किधर मारोगे?"

बोलणे बरोबर होते. गाडीचे तोंड चढाकडे होते, मागे उतार आणि आंधळे वळण. त्याने हातब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला आणि सगळ्यांना रस्त्याच्या डोंगराकडच्या कडेला बसवले. आजी काही बोलल्या नाहीत. पण त्या घड्याळाकडे पाहत होत्या. त्यांना मधुमेह होता. रात्रीच्या जेवणाआधीचे इन्सुलिन हॉटेलच्या फ्रिजमध्ये होते. फोनला रेंज कधी येई, कधी जाई. ऊन उतरले तरी दगड तापलेलेच होते आणि सर्वांत मिळून पाण्याच्या दीड बाटल्या उरल्या होत्या. या डोंगरात बिबटे आहेत हे नातवाने कुठल्याशा पाटीवर वाचले होते आणि ते तो पुन्हा पुन्हा सर्वांना सांगत होता.

चालकाने लगेच पाना हातात घेतला नाही. मुलाला किल्ली फिरवायला सांगून तो स्वतः मागे गेला आणि सायलेन्सरपाशी वाकून वास घेतला. पेट्रोलचा वास नव्हता. मग पुढे येऊन बॉनेट उघडले. एका प्लगची वायर काढून तिला आपल्याजवळचा जुना प्लग लावला, रबरी मुठीच्या पकडीने तो इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि पुन्हा किल्ली फिरवायला लावली. प्लगच्या टोकावर निळी ठिणगी चट्चट् उडाली. "करंट बराबर," तो म्हणाला आणि वायर जागच्या जागी बसवली.

मग त्याने एअर क्लीनर उघडला. किल्ली बंद ठेवून कार्ब्युरेटरची झडप हाताने दोनदा उघडझाप केली. अशा वेळी आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. ती उडाली नाही. टाकीचे झाकण काढून त्याने स्वच्छ काडी बुडवली. काडी वीतभर ओली झाली. म्हणजे टाकीत पेट्रोल होते, पण ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नव्हते. मधे राहिली नळी, फिल्टर आणि इंजिनाला चिकटलेला पेट्रोलचा पंप, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक 'एसी पंप' म्हणतात. त्याने पंपाला बोट लावले आणि चटकन मागे घेतले.

"भाप बन गया," तो म्हणाला. "पेट्रोलची वाफ झाली. पाणी द्या थोडे."

दीड बाटलीतली एक बाटली द्यायची का, यावर क्षणभर कुणी बोलेना. मुख्याध्यापकांनी पत्नीकडे पाहिले. आजींनीच पिशवीतली बाटली काढून पुढे केली. "द्या त्याला. इथं बसून राहिलो तर एवढं पाणी तरी किती वेळ पुरणार आहे?"

चालकाने डोक्याचा गमछा सोडला, भिजवला आणि पंपाभोवती व नळीभोवती गुंडाळला. पाणी डिस्ट्रिब्युटरवर सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताने तो झाकून धरला होता. मग तोही आमच्याशेजारी येऊन बसला. खालच्या झाडीत मोर ओरडत होते, जलमहल काळसर झाला, शहरात दिवे लागायला लागले. दहा मिनिटांनी त्याने गमछा पुन्हा भिजवला. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा पकडले. नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. नाहरगडचा सूर्यास्त हुकला, पण साडेआठच्या आत आजी हॉटेलवर होत्या.

वाफ का होते?

हे दुखणे उन्हाळ्यात आणि चढावर, तेही जुन्या पेट्रोल गाड्यांतच बहुधा होते. चालत्या गाडीत पंख्याचा वारा आणि टाकीकडून सतत येणारे थंड पेट्रोल पंपाला निववत असते. चढ चढून तापलेले इंजिन बंद केले की वारा थांबतो, पेट्रोलही थांबते. पण इंजिनातली उष्णता बाहेर येतच राहते. त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत पंप व नळ्या उलट जास्त तापतात. पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे त्या नळीत दाब कमी असतो, आणि दाब कमी तिथे द्रव लवकर उकळतो. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ नाही. नव्या गाड्यांत विजेचा पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. म्हणून त्यांत हा त्रास क्वचितच दिसतो.

तीन गोष्टी, एक क्रम

पण वाफ हे अनेक कारणांपैकी एक. त्या चालकाकडून शिकण्यासारखा होता तो त्याचा क्रम. सेल्फ मारला की इंजिन फिरते पण सुरू होत नाही, अशा वेळी घाबरलेला माणूस हाताला येईल ते हलवून पाहतो. जाणता माणूस एकेक शक्यता बाद करत जातो.

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, ते दाबले जाणे आणि नेमक्या वेळी ठिणगी. जयगडच्या तोफेचेही याहून वेगळे नव्हते. दारू ओली असेल, ठासणी सैल असेल किंवा बत्ती विझली असेल तर पन्नास टनांची तोफ नुसती शोभेची. आता हा क्रम सवडीने पाहू.

पहिली तपासणी कानाची. किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक्' आवाज झाला किंवा इंजिन कण्हत फिरले, तर बॅटरी, तिच्या तारा किंवा स्टार्टर यांत दोष. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर बॅटरीला सोडून द्यावे आणि पुढे जावे. इथे एक बारकावा आहे. अशक्त बॅटरी कधी कधी इंजिन फिरवते खरी, पण सारी शक्ती त्यातच जाते आणि ठिणगीपुरती उरत नाही. किल्ली फिरवताना पुढचे दिवे अगदी मिणमिणते झाले तर ही शंका घ्यावी. फक्त अशाच वेळी धक्का मारून उपयोग होतो. एरवी जे काम स्टार्टर व्यवस्थित करतोच आहे, तेच धक्क्याने आपण घाम गाळून करतो.

आवाज नेहमीपेक्षा वेगळा, म्हणजे हलका, भराभर आणि एकसुरी येत असेल तर तिथेच थांबावे. अशा वेळी टायमिंग बेल्ट तुटलेला असण्याची शक्यता असते. इंजिनात दाबच तयार होत नाही, म्हणून ते सुळसुळ फिरते. पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली तर काही इंजिनांत झडपा वाकून खर्च दसपट वाढतो. अशी गाडी ओढूनच न्यावी.

दुसरी तपासणी ठिणगीची. बॅटरीच्या १२ व्होल्टपासून कॉइल हजारो व्होल्टची वीज बनवते, डिस्ट्रिब्युटर ती एकेका प्लगला वाटतो. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी किंवा ठिणगीच नसणे म्हणजे दोष विजेकडे. जुन्या गाडीत सैल वायर, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात साचलेला ओलावा किंवा तडा, काळे पडलेले पॉइंट आणि बसलेला कंडेन्सर हे नेहमीचे गुन्हेगार. हिवाळ्यात पहाटे सफारीला निघताना दव पडलेले असते, तेव्हा झाकण कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसले आणि गाडी सुरू झाली, असेही होते. ही तपासणी जाणत्यानेच करावी. वायर उघड्या हाताने धरली तर जबर झटका बसतो. आणि ती पेट्रोलची नळी सोडण्याआधी करावी. उघडे पेट्रोल आणि ठिणगी एकत्र आणणे म्हणजे आगीला बोलावणे. आमच्या चालकाने आधी करंट आणि मग पेट्रोल पाहिले, त्यामागे हेच शहाणपण होते.

तिसरी तपासणी पेट्रोलची. काट्यावर विसंबू नये, जुन्या जीपचा काटा बहुधा थापाड्या असतो. टाकीत थोडेच पेट्रोल असेल आणि गाडी आमेरसारख्या खड्या चढावर उभी असेल, तर पेट्रोल टाकीच्या एका कोपऱ्यात जाते आणि नळी हवाच ओढते. मग क्रमाने फिल्टर, नळ्या, पंप. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली 'ऑन' केल्यावर, सेल्फ मारण्याआधी, मागून टाकीतल्या पंपाची एक-दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर आधी त्या पंपाचा फ्यूज आणि रिले पाहावा. पुष्कळदा काही रुपयांच्या फ्यूजसाठी गाडी ओढून नेली जाते.

पेट्रोल न पोचण्याइतकाच, ते जास्त होण्याचाही त्रास होतो. गाडी सुरू होईना म्हणून चालक अॅक्सिलरेटर दाबत राहतो, चोक ओढून ठेवतो आणि प्लग पेट्रोलने भिजतात. सायलेन्सरपाशी पेट्रोलचा उग्र वास येतो. वास घेण्याचे कारण हेच. वास नसेल तर पेट्रोल कमी, फार असेल तर जास्त. जास्त झाले असेल तर चोक आत ढकलावा, दहा मिनिटे थांबावे, मग अॅक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून धरावा, पंपासारखा मारू नये, आणि सेल्फ मारावा. धुळीच्या वाटेवर फिरलेल्या गाडीचा एअर फिल्टर मातीने भरलेला असेल तरी हीच अवस्था होते. सुमारे पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल असे इंजिनाचे वजनी प्रमाण असते. हवा कोंडली की ते बिघडते.

डिझेल जीप आणि आजच्या गाड्या

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणून थंडीत हीटर प्लग नीट तापला नाही तर ते सुरू होत नाही. दुसरे कारण म्हणजे नळीत शिरलेली हवा. टाकी पूर्ण रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला की हातपंपाने दाबून ती हवा काढावी लागते. बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. आणि तिसरे कारण सांगायलाही संकोच वाटावा असे. पुष्कळ जुन्या डिझेल जीपमध्ये इंजिन बंद करायला ओढायची मूठ असते. ती ओढलेलीच राहिली तर दिवसभर सेल्फ मारला तरी गाडी सुरू होणार नाही. सर्वांत आधी ती मूठ आत ढकलावी.

आजच्या गाड्यांत किल्लीतली चिप गाडीने ओळखली नाही तर इंजिन फिरूनही पेटत नाही. समोरच्या पट्टीवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहिले तर आधी दुसरी किल्ली वापरून पाहावी. इंजिनाचा फेरा मोजणारा छोटा सेन्सर बिघडला तरी ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम बंद होतात. तिथे रस्त्यावर काही करता येत नाही, दोष वाचणारे यंत्रच लागते. पण यंत्र दोषाचा आकडा दाखवते; तो का आला हे शोधायला पुन्हा तोच क्रम लागतो.

क्रम कोणताही असो, सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन वेळांमध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावे. नाही तर स्टार्टर जळतो, बॅटरी उतरते आणि एका आजाराचे तीन होतात.

जयसिंहाच्या अंगणात

दुसऱ्या दिवशी जंतरमंतर पाहताना आदल्या संध्याकाळची आठवण होणे साहजिकच होते. सुमारे सत्तावीस मीटर उंचीचे सम्राट यंत्र म्हणजे जगातले सर्वांत मोठे दगडी सूर्यघड्याळ. त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगता येते. पितळेची लहान यंत्रे झिजतात, डगमगतात, म्हणून जयसिंहाने दगडाची मोठी, अचल यंत्रे उभारली आणि पोथ्यांतले आकडे आकाशाशी ताडून पाहिले.

आपल्याला विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या कामात त्याच्या उजव्या हाताला एक महाराष्ट्रीय पंडित होता. जगन्नाथ सम्राट हे त्याचे नाव. त्याने अरबी शिकून युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली आणि टॉलेमीचा खगोलग्रंथही. ईसरलाट पाहून जे मन खट्टू होते, त्याला इथे थोडा दिलासा मिळतो. या शहराकडे आपली फौज आली, तशी विद्याही आली होती.

जाणार असाल तर

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघणारी जयपूर सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवते. पुण्याहूनही थेट गाडी आहे, पण ती रोज नसते. विमानतळ सांगानेरला आहे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच जावे लागले तर किल्ले सकाळी लवकर पाहावेत, दुपारी विश्रांती घ्यावी. सकाळी आमेर, तिथूनच जयगड आणि उन्हे उतरल्यावर नाहरगड असा बेत सोयीचा पडतो. जयगड संध्याकाळी लवकर बंद होतो. पायांत बळ असेल तर शहराच्या बाजूने नाहरगडावर चढणारी जुनी फरसबंद वाटही आहे. उतरताना अंधार होऊ देऊ नये.

डोंगरात जीप ठरवताना भाड्याची घासाघीस सगळेच करतात. त्याआधी दोन मिनिटे देऊन चार गोष्टी पाहाव्यात. टाकीत पेट्रोल किती आहे ते विचारावे. गाडी एकदा बंद करून पुन्हा सुरू करायला सांगावी. जादा चाक आणि जॅक आहे का ते पाहावे. आणि चालकाजवळ पाण्याचा कॅन आहे का ते पाहावे. आपल्याजवळ माणशी एक बाटली पाणी, थोडा गूळ किंवा बिस्किटे, विजेरी आणि वेळेवर घ्यायची औषधे असावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते थंड राहील अशा छोट्या पिशवीत बरोबरच ठेवावे, हॉटेलवर ठेवू नये.

आणि एवढे करूनही गाडी अडलीच, तर आधी चाकाला दगड लावावा, मुलांना रस्त्यावरून बाजूला घ्यावे आणि चालकाला त्याचे काम शांतपणे करू द्यावे.